चौसष्टचा पराभव आणि त्यानंतर: अमेरिकेत कॉन्झर्व्हेटिव्ह राजकारण कसं उभं राहिलं

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दाची मराठीत मोठी अडचण होते. पुराणमतवादी म्हटलं की आपल्याला १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारी मंडळी आठवतात आणि उदारमतवादी म्हटलं की न्यायमूर्ती रानडे. हे शब्द अमेरिकेच्या राजकारणाला जसेच्या तसे लावले की गोंधळ सुरू होतो. तिथला कॉन्झर्व्हेटिव्ह बहुधा खुल्या बाजाराचा कैवारी असतो. उद्योगधंद्यात सरकारने हात घालू नये असं तो मानतो, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये याच मताला लिबरल म्हणत. उलट रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात सांगितलं होतं की हा इंग्रजी अर्थविचार भारताला लागू पडत नाही, इथे सरकारने उद्योगांना आधार दिला पाहिजे. आजच्या अमेरिकेत हे मत लिबरल ठरेल. म्हणून या लेखात भाषांतराच्या भानगडीत न पडता कॉन्झर्व्हेटिव्ह हाच शब्द ठेवला आहे.

दुसरी अडचण पक्षांची. आज रिपब्लिकन म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि डेमोक्रॅट म्हणजे लिबरल हे समीकरण पक्कं झालंय. सत्तर वर्षांपूर्वी ते तसं नव्हतं. गुलामगिरी संपवणारे लिंकन रिपब्लिकन होते, म्हणून यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेतले गोरे पुढे जवळपास शंभर वर्षं डेमोक्रॅटिक पक्षालाच मतं देत राहिले. न्यू यॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर रिपब्लिकन होते, पण सरकारी खर्चात कितीतरी डेमोक्रॅटांपेक्षा सढळ. आणि मिसिसिपीचे डेमोक्रॅट सेनेटर कृष्णवर्णीयांना मताचा हक्क मिळू नये म्हणून जिवाचं रान करत. दोन्ही पक्षांत दोन्ही विचारांची माणसं होती. त्यांची विभागणी कशी झाली, हे समजलं की आजची अमेरिका बरीचशी समजते.

रूझवेल्ट यांच्यानंतरची अमेरिका

१९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत साधारण चारांतला एक कामगार बेकार झाला. अशा वेळी आलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सरकारचा अर्थच बदलून टाकला. बँकांवर देखरेख आली, कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण मिळालं, १९३५ पासून म्हातारपणाच्या पेन्शनसाठी सोशल सिक्युरिटी आली. लोकांनी १९३६ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४६ राज्यं त्यांच्या पदरात टाकली. पुढे १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या रूपाने रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आले, तेव्हा हे सगळं मोडीत निघेल अशी काहींना आशा होती. आयझेनहॉवर यांनी त्यातलं काहीच मोडलं नाही. सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा आयकर त्यांच्या काळात ९१ टक्के होता, आणि देशभर महामार्गांचं जाळं विणण्याचा प्रचंड सरकारी प्रकल्पही त्यांनीच हाती घेतला.

रूझवेल्ट यांनी धरलेली वाटच चुकीची होती असं ज्यांना मनापासून वाटत होतं, त्यांना आता कोणताच पक्ष आपला उरला नाही. ही माणसं एका विचाराचीही नव्हती. काही अर्थशास्त्राकडून आलेली. हायेक, फ्रीडमन यांचं म्हणणं असं, की किंमत ही लाखो लोकांच्या गरजांची बातमी असते, ती दिल्ली-वॉशिंग्टनमधल्या कोणत्याही कचेरीला ठरवता येत नाही. (मिल्टन फ्रीडमन १९५५ मध्ये खरोखरच दिल्लीला आले होते. नियोजनाच्या धोरणावर टीका करणारं टिपणही त्यांनी सरकारला दिलं होतं.) दुसरे होते परंपरा मानणारे. चर्च, कुटुंब, गाव यांनी घडवलेला समाज सरकारी खात्यांना घडवता येत नाही असं ते म्हणत. तिसऱ्यांना सोव्हिएत रशियाचा धोका बाकी सगळ्यांहून मोठा वाटे, आणि यातले बरेच जण पूर्वाश्रमीचे कम्युनिस्टच होते.

या तिघांचं आपसात पटण्यासारखं नव्हतं. बाजाराला परंपरेची पर्वा नसते. रविवारी दुकान उघडलं तर धंदा होतो, मग चर्चचं काय? आणि रशियाशी टक्कर द्यायची तर अवाढव्य सैन्य हवं, म्हणजे अवाढव्य कर आणि अवाढव्य सरकार आलंच. ही मोट बांधण्याचं काम विल्यम बकली यांनी केलं. तेलाच्या धंद्यातल्या श्रीमंत बापाचा मुलगा, कॅथलिक, येल विद्यापीठातून शिकलेला, वादविवादात अत्यंत तरबेज. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे साप्ताहिक काढलं तेव्हा वयाची तिशीही गाठली नव्हती. त्यांचे सहकारी फ्रँक मेयर यांनी सांधा शोधला तो असा: सद्गुण स्वतःहून निवडला तरच तो सद्गुण, जबरदस्तीने लादलेला नव्हे, म्हणून धर्म मानणाऱ्यालाही स्वातंत्र्य हवंच. तर्क पूर्ण पटो न पटो, एकत्र बसायला तो पुरेसा होता. शिवाय समोर मॉस्को होतंच.

या पत्राबद्दल एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. १९५७ साली त्याच्या संपादकीयात दक्षिणेतल्या गोऱ्यांचा वरचष्मा समर्थनीय ठरवला होता, ते संख्येने कमी असतील तिथेसुद्धा. कारण काय, तर सध्या तरी ते अधिक प्रगत आहेत. बकली यांनी उतारवयात नागरी हक्कांबाबतची आपली भूमिका चुकली होती हे मान्य केलं. पण ही चळवळ कोणत्या जमिनीवर वाढली ते यातून कळतं.

गोल्डवॉटर

१९६४ साली या लोकांना पहिल्यांदा आपला उमेदवार मिळाला: ॲरिझोनाचे सेनेटर बॅरी गोल्डवॉटर. घरचा डिपार्टमेंट स्टोअरचा धंदा, विमान चालवण्याची आवड, बोलणं रोखठोक. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात उमेदवारी स्वीकारताना त्यांनी म्हटलं की स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी टोकाला जाणं हा दुर्गुण नव्हे. रॉकफेलर यांच्या गटाला ते ऐकून धक्का बसला. विरोधकांना तर आयतं कोलीतच मिळालं.

पण त्या वर्षीची त्यांची सर्वांत महत्त्वाची कृती भाषणाची नव्हती. हॉटेलात, दुकानात, नोकरीत वर्णावरून भेद करायला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा जूनमध्ये सेनेटपुढे आला आणि गोल्डवॉटर यांनी विरोधात मत दिलं. १९५७ आणि १९६० च्या सौम्य कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. या वेळी त्यांचं म्हणणं होतं की खासगी मालकाने कोणाला गिऱ्हाईक मानावं हे ठरवण्याचा अधिकार राज्यघटना केंद्र सरकारला देत नाही. त्यांचा युक्तिवाद प्रामाणिक होता असं मी मानायला तयार आहे. पण अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मुलांवर पोलिसांची कुत्री सोडली जात होती त्याला वर्षच उलटलं होतं. अशा वेळी घटनेतल्या कलमाचा आधार घेतला तरी तो कोणाच्या बाजूला जातो हे उघड होतं, आणि दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांनी ते बरोबर ओळखलं.

नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ६१ टक्के मतं पडली. गोल्डवॉटर यांनी फक्त सहा राज्यं जिंकली: स्वतःचं ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच, म्हणजे मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत त्यांना तब्बल ८७ टक्के मतं मिळाली. त्या राज्यात तेव्हा कृष्णवर्णीय प्रौढांपैकी शेकडा सातांचीही नावं मतदारयादीत नव्हती. साउथ कॅरोलायनाचे सेनेटर स्ट्रॉम थर्मंड तर निवडणुकीआधीच डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते. शंभर वर्षांची निष्ठा एका कायद्यावरून तुटायला लागली. १९६८ मध्ये वर्णविभक्तीचे पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस यांनी वेगळं उभं राहून पाच राज्यं घेतली. त्यांची मतं पुढे आपल्याकडे कशी येतील, हे त्या वर्षी जिंकलेले रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांच्या सल्लागारांनी शांतपणे बसून मोजलं. आता उघड वर्णभेदाची भाषा नको होती. ‘कायदा आणि सुव्यवस्था’, ‘राज्यांचे हक्क’, काळी-गोरी मुलं एकत्र यावीत म्हणून शाळेच्या बसने मुलांना दूरच्या शाळेत पाठवण्याला विरोध, एवढे शब्द पुरत होते.

वृत्तपत्रांनी १९६४ च्या पराभवानंतर कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराचा मृत्युलेख लिहून टाकला होता. माझ्या मते हा सगळा इतिहास समजून घेताना सर्वांत जास्त वेळ इथेच थांबायला हवं, कारण पुढच्या सोळा वर्षांत जे झालं ते भाषणांनी झालं नाही.

ते झालं नावांच्या यादीने. रिचर्ड व्हिगेरी नावाचा टेक्सासचा तरुण वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या कचेरीत गेला. पन्नास डॉलर किंवा जास्त देणगी देणाऱ्यांची नोंद तिथे ठेवलेली असे आणि ती कोणालाही बघता येई. व्हिगेरी यांनी माणसं लावून गोल्डवॉटर यांच्या देणगीदारांची नावं-पत्ते हाताने उतरवून घेतले, साडेबारा हजारांच्या आसपास. या पत्त्यांवर पत्रं जाऊ लागली. तोवर निवडणुकीचा पैसा बड्या उद्योगपतींकडून नाहीतर कामगार संघटनांकडून यायचा. आता ओक्लाहोमातली शिक्षिका आणि ओहायोतला दातांचा डॉक्टर दहा-वीस डॉलरचा चेक पाकिटात घालून पाठवू लागले. ज्याने एकदा पैसे पाठवले तो पुन्हा पाठवतो, सभेला येतो, शेजाऱ्याला सांगतो. यादी वाढत गेली, संगणकाच्या टेपवर चढली, आणि वर्तमानपत्रांच्या नजरेआड लाखो लोकांचा एक पक्ष टपालाने तयार झाला.

मुंबईतही त्याच सुमाराला खुल्या बाजाराचा विचार जोमात होता. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ काढलं, मिनू मसानी स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेत होते, आणि १९६७ मध्ये हा पक्ष ४४ जागा घेऊन लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. १९७४ मध्ये तो दुसऱ्या पक्षात विलीन झाला. त्यामागची कारणं अनेक. पण उद्योग, धर्मभावना आणि गल्लीतली संघटना यांची अमेरिकेत पडली तशी गाठ इथे त्या पक्षाला मारता आली नाही, हे त्यातलं एक नक्की.

बायका, पाद्री आणि घरपट्टी

या चळवळीचा खरा गाडा ओढला तो बायकांनी. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटी आहे. संरक्षण उद्योगाच्या कारखान्यांमुळे तिथे नवीन वसाहती उभ्या राहिल्या, देशभरातून तरुण कुटुंबं आली. तिथल्या गृहिणी सकाळी कॉफीला जमत, पत्रकं वाटत, शाळेच्या मंडळाच्या निवडणुका लढवत.

इलिनॉयच्या फिलिस श्लाफ्ली या त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या नेत्या. सहा मुलांची आई. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये काँग्रेसने मोठ्या बहुमताने मंजूर केली, दोन्ही पक्षांचा तिला पाठिंबा होता, आणि वर्षभरात तीस राज्यांनी तिला मान्यताही दिली. हवी होती अडतीस. श्लाफ्ली यांनी विरोधाची संघटना उभी केली. घटस्फोटात पोटगीचा हक्क जाईल, मुलींना व्हिएतनामसारख्या युद्धावर सक्तीने पाठवतील, असं त्या सांगत. त्यांच्या कार्यकर्त्या विधानभवनात आमदारांना घरी भाजलेला पाव आणि घरचा जॅम नेऊन देत. दुरुस्ती पस्तीस राज्यांवर अडकली आणि १९८२ ला मुदत संपली. दुरुस्तीच्या बाजूच्या शिकल्यासवरलेल्या स्त्रियांनी या गृहिणींना अडाणी समजण्याची चूक केली, असं मला वाटतं. आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईला त्या कामाची किंमत उद्या शून्य होईल अशी भीती वाटत होती. ती भीती कोणीतरी गंभीरपणे घेतली, आणि ते श्लाफ्ली यांनी केलं.

धर्माचं तर आणखीच वेगळं. गर्भपाताच्या प्रश्नाने इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट) ख्रिस्ती लोक एका रात्रीत राजकारणात आले, असा समज आहे. कॅथलिक चर्चचा विरोध सुरुवातीपासून होता हे खरं. पण सदर्न बॅप्टिस्ट या इव्हँजेलिकलांच्या मोठ्या संघटनेने १९७१ मध्ये केलेल्या ठरावात काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असंच म्हटलं होतं. गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेड निकाल जानेवारी १९७३ चा. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पाद्री जेरी फॉलवेल यांनी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मोर्च्यांच्या संदर्भात प्रवचनात सांगितलं होतं की धर्मोपदेशकाने राजकारणात पडू नये. त्याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही ख्रिस्ती मतदारांची राजकीय संघटना स्थापन केली.

मधल्या काळात काय झालं? एक उत्तर शाळांमध्ये सापडतं. सरकारी शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र बसू लागल्यावर दक्षिणेत गोऱ्यांच्या खासगी ख्रिस्ती शाळा भराभर निघाल्या. वर्णभेद करणाऱ्या शाळांना करसवलत नाही, असं कोर्टाने १९७१ मध्ये ठरवलं. पुढे साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स या ख्रिस्ती विद्यापीठाची सवलत गेली, आणि १९७८ मध्ये आयकर खात्याने खासगी शाळांसाठी कडक नियम सुचवले. सरकार आमच्या शाळेच्या, चर्चच्या दारात आलं, असा गदारोळ उठला. चळवळीचे मुख्य संघटक पॉल वायरिच यांनीच नंतर सांगितलं की लोक जागे झाले ते यामुळे. यावर इतिहासकारांत वाद आहे. शाळेतली प्रार्थना बंद होणं, बदलती लैंगिक नीती, गर्भपात यांचं वजन जास्त असं मानणारेही आहेत. मला दोन्ही खरं वाटतं. शाळांच्या वादाने पाद्री गोळा झाले आणि गर्भपाताच्या प्रश्नाने त्यांच्या मागे माणसं उभी केली.

आणि मग घरपट्टी. १९७० च्या दशकात महागाईने अमेरिकेचं कंबरडं मोडलं. १९८० मध्ये ती साडेतेरा टक्क्यांवर होती आणि बेकारीही वाढत होती. कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भडकल्या, तशी घरपट्टीही भडकली. एखाद्या निवृत्त जोडप्याने स्वस्तात घेतलेलं घर कागदावर लाखाचं झालं, पण हातात येणारी पेन्शन तेवढीच. घर विकल्याशिवाय घरपट्टी भरता येईना. जून १९७८ मध्ये हॉवर्ड जार्व्हिस यांनी पुढे आणलेला ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव थेट लोकांच्या मताला गेला: घरपट्टी किमतीच्या एक टक्क्याहून जास्त नाही, आणि करआकारणीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. तो दणदणीत बहुमताने मंजूर झाला. शाळांना आणि नगरपालिकांना त्याची झळ पुढे कित्येक वर्षं बसली, पण राजकारण्यांनी एक गोष्ट त्या दिवशी शिकून घेतली: कर कमी करू म्हणणारा माणूस डेमोक्रॅट कामगाराचंही मत घेऊ शकतो.

रेगन

हे सगळे ओहोळ ज्यांच्यात येऊन मिळाले ते रोनाल्ड रेगन स्वतः एकेकाळचे डेमोक्रॅट. रूझवेल्ट यांना त्यांनी चारही वेळा मत दिलं होतं, हॉलिवूडच्या नटांच्या कामगार संघटनेचे ते अध्यक्ष होते. २७ ऑक्टोबर १९६४ ला गोल्डवॉटर यांच्यासाठी टीव्हीवर केलेल्या भाषणाने ते राजकारणात आले. गोल्डवॉटर जे दात-ओठ खाऊन सांगत तेच रेगन हसून, गोष्ट सांगितल्यासारखं सांगत. दोन वर्षांत ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. १९८० मध्ये महागाई होती, तेहरानमध्ये ५२ अमेरिकन ओलीस होते, आणि रेगन यांनी ५० पैकी ४४ राज्यं जिंकली. प्रचारात त्यांनी मिसिसिपीच्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत ‘राज्यांच्या हक्कां’वर आपला विश्वास सांगितला. १९६४ मध्ये तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला ती जागा तिथून काही मैलांवर. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच संदर्भ समजावून सांगावा लागला नसेल.

सरकार हाच प्रश्न आहे, असं त्यांनी शपथविधीच्या भाषणात सांगितलं. वरच्या उत्पन्नावरचा कर ७० टक्क्यांवरून आठ वर्षांत २८ वर आला. संपावर गेलेल्या ११ हजारांहून जास्त विमान वाहतूक नियंत्रकांना एका झटक्यात काढून टाकलं, आणि खासगी मालकांनीही त्यातून धडा घेतला. पण सरकार काही लहान झालं नाही. सैन्यावरचा खर्च वाढला, सोशल सिक्युरिटीला हात लावायची कोणाची छाती नव्हती, आणि सरकारी कर्ज जवळपास तिपटीवर गेलं. बाजारवाद्यांना करकपात मिळाली, रशियाविरोधकांना क्षेपणास्त्रं मिळाली. धर्मवाल्यांना मात्र भाषणंच जास्त मिळाली.

रशिया १९९१ मध्ये उरला नाही आणि मोटेची दोरी सैल झाली. पुढच्या तीस वर्षांत आवाज चढत गेला: रेडिओवर रश लिंबॉ, १९९४ मध्ये रिपब्लिकनांना चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकून देणारे न्यूट गिंग्रिच, १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही वाहिनी, २००९ मध्ये कर आणि सरकारी खर्चाविरुद्धची टी पार्टी चळवळ. डोनाल्ड ट्रम्प यांनी तर मुक्त व्यापार हे रेगन यांचं सूत्रच उलटं करून आयातीवर कर लावले, आणि पक्ष त्यांच्या मागे गेला.

धर्मवाल्यांना द्यायचं देणं मात्र बाकी होतं, आणि त्याची तयारी फार आधी सुरू झाली होती. १९८२ मध्ये येल आणि शिकागोच्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी ‘फेडरलिस्ट सोसायटी’ काढली. घटनेचा अर्थ तिच्या मूळ शब्दांवरूनच लावावा असं मानणारे वकील तिथे एकमेकांना भेटू लागले. त्यांतले काही पुढे न्यायाधीश झाले. रेगन यांच्या सरकारात तेव्हा तीन तरुण वकील कामाला होते: जॉन रॉबर्ट्स, क्लॅरेन्स थॉमस, सॅम्युएल अलिटो. तिघेही सुप्रीम कोर्टावर गेले. २४ जून २०२२ ला कोर्टाने रो विरुद्ध वेड रद्द केला, एकोणपन्नास वर्षांनी. निकाल लिहिला अलिटो यांनी. १९८५ मध्ये न्याय खात्यातल्या बढतीसाठी केलेल्या अर्जात त्यांनी आपल्या मतांवर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा हे नमूद केलं होतं: बकली यांचं लिखाण, नॅशनल रिव्ह्यू, आणि गोल्डवॉटर यांची १९६४ ची मोहीम. ती मोहीम हरली तेव्हा अलिटो चौदा वर्षांचे होते.